चिठ्ठीवर ढाल, तळाला चुंबळ

मित्रांनो, मी ढाल नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली दहा वर्षे रत्नागिरीच्या एका वाचनालयातल्या काचेच्या कपाटात माझ्यापुढे चिठ्ठी उभी आहे: ‘ऑस्ट्रेलियातील नामशेष झालेल्या रानटी लोकांची ढाल.’ मी जुनी आहे, लाकडाची आहे, ऑस्ट्रेलियाची आहे. बाकी सगळे खोटे. मी साधी काठवट आहे.

मला एका आजीने घडवले. उभ्या झाडाच्या बुंध्यावरून तिने माझी फळी दगडी कुऱ्हाडीने सोडवली, विस्तवावर धरून वाकवली आणि दगडाने घासून गुळगुळीत केली. झाड पाडले नाही. त्याच्या अंगावर माझ्याएवढा वण राहिला आणि ते वाढत राहिले. मी पाणी वाहिले, कंद वाहिले, तिची नात निजवली. नातीला घेऊन ती मला कमरेवर धरी. ओझे जड असले की डोक्यावर घेई, आणि खाली केसांच्या दोऱ्यांची गोल चुंबळ ठेवी.

मग एक जहाज आले. गोरे लोक नव्या भूमीचा शोध लावायला उतरले. जिथे बायका कंद भाजत बसल्या होत्या ती भूमी त्यांना सापडली! त्यांनी हवेत बंदुकीचा एक बार काढला. आजीने नातीला माझ्यातून उचलले आणि ती झाडीत पळाली. मी चुलीजवळ राहिले, अजून पोरीच्या अंगाने कोमट. एका अधिकाऱ्याने मला काखोटीला मारले, माझ्या जागी एक तडकलेला आरसा ठेवला आणि वहीत लिहिले, ‘अदलाबदल केली.’ घरात कोणी नसताना केलेल्या अदलाबदलीला तुमच्या आळीत काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

त्या अधिकाऱ्याचा पणतू रत्नागिरीला साहेब होऊन आला आणि मला दिवाणखान्यात लावायला घेऊन आला. साहेबाला जमवाजमवीचा भारी नाद. एकदा तो भाट्याच्या खाडीवर मासेमारी बघायला गेला. तिथे भागोजी खारव्याच्या झोपडीत त्याला एक हातभर लाकूड दिसले, तेलाने काळे पडलेले आणि शेंदराने माखलेले. भागोजीच्या घराची रीत अशी, की होडी मोडीत निघाली तरी तिच्या पुढच्या टोकाचे हे लाकूड काढून नव्या होडीत बसवायचे. पणजोबांच्या होडीपासून ते असेच चालत आलेले. साहेबाने नुसते बोट दाखवले. शिपायाने उचलले. भागोजी हात जोडून उभा राहिला आणि ते ‘भेट दिली’ असे ठरले.

साहेब विलायतेला परत जाताना त्याने कपाट वाचनालयाला दिले. आमच्यापुढे चिठ्ठ्या लावायचे काम काशीराम कारकुनाकडे आले. माणूस वाईट नव्हे, अक्षर तर मोत्यासारखे. पण बघण्यापेक्षा उतरवून काढण्याची सवय. माझी चिठ्ठी साहेबाच्या यादीवरून उतरवली. लाकडाला यादीत काहीच नव्हते, म्हणून माझ्याच चिठ्ठीवरून लिहून मोकळा झाला: ‘या किनाऱ्यावरील नामशेष झालेल्या रानटी लोकांचे दैवत.’

माझी चिठ्ठी येणारा-जाणारा मोठ्याने वाची. हजारदा ऐकल्यावर मलाही ती खरी वाटू लागली. आजी गेली, नात गेली, त्यांच्यामागे कोणी उरले नाही. आपण कोणासाठी जपून राहायचे, असे म्हणत मी कपाटात पडून होते.

सन बत्तीसच्या श्रावणात नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. भर सकाळी वाचनालयाच्या दारात आवडाबाई उभी राहिली. डोक्यावर सुक्या बांगड्यांची पाटी. ती भागोजीची बायको. पोरांनी दोन वर्षे खपून नवी होडी बांधली होती, पण पुढचे लाकूड नसेल तर ती पाण्यात घालणार नाही, असे भागोजी हटून बसला होता. स्वतः मात्र यायला धजत नव्हता. शिपायापुढे आपल्याला नाही म्हणवले नाही, याची लाज त्याला चार वर्षे खात होती.

काशीरामने तिला पाटी बाहेर ठेवायला सांगितले. तिने ऐकले नाही. कपाटाकडे बोट करून म्हणाली, “भाऊ, ता लाकूड आमचा हाय. द्या.”

काशीरामने चष्मा पुसला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. ‘नामशेष म्हंजे काय’ असे तिने विचारले. त्याने समजावून सांगितले, की मेले सगळे, आता त्यांच्यातले कोणी उरले नाही.

“मंग मी कोन?” आवडाबाई म्हणाली. “तुमच्या घरात वयनीनं काल माज्याकडनं घासाघीस करून दोन बांगडं घेतलान. ता काय मेलेल्या मानसाकडनं घेतलान?”

वर्तमानपत्रे वाचणारे हसले. काशीराम कानापर्यंत लाल झाला. तरी हेका सोडीना. साहेबाच्या कपाटातली वस्तू बाहेर जात नाही, म्हणाला.

“मंग मलापन ठेवा त्यात. चिठ्ठी लिवलेली हायच.”

आणि ती कपाटाखाली फतकल मारून बसली. पाटी उतरवून शेजारी ठेवली. बाहेर पावसाची झड, खिडक्या बंद, आत सुका बांगडा. तासाभरात वाचणारे उठून पडवीत गेले. दुपारपर्यंत काशीरामने नाकावर उपरणे धरले आणि मग कपाटाची किल्ली काढली. लाकूड तिच्या ओटीत दिले, त्याच्यापुढची चिठ्ठी फाडली.

निघताना तिची नजर माझ्यावर पडली. हे काय, म्हणून विचारले. ढाल, काशीराम म्हणाला. तिने त्याला न विचारता मला उचलले, उलटी केली आणि तळाला झिजलेल्या गोल खुणेवर अंगठा फिरवला.

“ढाल डोक्यावर घेतात व्हय? ही चुंबळीची खून हाय. बाईमानसाचा भांडा हाय हा.” मग मला जागेवर ठेवताना म्हणाली, “हिची मानसा पन आसतील कुठं पाटी घेऊन फिरत. तुमाला काय ठावं.”

मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा जिवंत झाले. एक चिठ्ठी खोटी, तर दुसरी का नसावी?

पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. समुद्राकडून ढोलाचा आवाज इथपर्यंत आला. काशीरामने माझीही चिठ्ठी काढली होती. लेखणी शाईत बुडवली, पुसून ठेवली आणि चिठ्ठी होती तशीच परत लावली. त्याला जाब विचारायला माझे कोणी दारात आले नव्हते. माझी माणसे सातासमुद्रापलीकडे. ती इथे येऊन फतकल मारून कशी बसणार?

म्हणून तुम्हाला सांगते. अशा कपाटापुढे उभे राहाल तेव्हा चिठ्ठी मागाहून वाचा. आधी वस्तू उलटी करायला सांगा आणि तिचा तळ बघा.