म्हसोबाची पसंती

हट्टा गावच्या शिवारातला म्हसोबा भारी मानी. त्याच्यापुढं बोकड आणला की आधी पाण्यानं भिजवायचा. बोकडानं अंग झाडलं, तरच समजायचं की देवाला पसंत आहे. न झाडताच सुरी लावली, तर ती हातातल्या हातात वितळून गळायची. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते सगळे मेले, म्हणजे गोष्ट खरीच असणार.

पुंजाजी धनगरानं याच देवाला बोकड कबूल केला होता. दोन लेकरं गेल्यावर एकटी उरलेली लेक पेमा, तिचा ताप उतरला तर. ताप उतरला. पण बोकड असा देखणा निघाला की वसमतच्या बाजाराला निघालेली माणसं वाट सोडून त्याला बघायला येत, अन् तोही त्यांच्याकडं जहागीरदारासारखा बघे. या जत्रेला, पुढच्या जत्रेला, असं करत पुंजाजीनं वर्ष काढलं. मग पौषात पेमा पुन्हा तापली. हकिमाच्या पुड्या संपल्या, तिचे डोळे उघडेनात. देव दिलेलं परत घेऊन राहिला, हे पुंजाजीला कुणी सांगावं लागलं नाही.

बोकड देवापुढं उभा केला. पुंजाजीची बायको सिंधूबाई पोरीला घोंगडीत गुंडाळून समोर बसली. म्हसोबाचा पुजारी देवला भगत, त्यानं तांब्याभर पाणी ओतलं. बोकड ढिम्म. मग घागर. मग अख्खा आड उपसला. खाली वाहिलेल्या पाण्यावर कुणाचा तरी हरभरा पिकला म्हणतात. कावळ्याची काव चोचीतच गोठावी असा वारा, पण बोकडाच्या अंगावर शहारा नाही.

दिवस कलला तशी पेमा कण्हायचीही थांबली. सिंधूबाईनं तिच्या नाकाशी बोट धरलं, ते काही काढेना.

पुंजाजी बोकडाच्या पाया पडला. त्याला कळत नसेल म्हणून मुंडासं काढून शेवटची घागर त्यानं स्वतःच्याच डोक्यावर ओतली, कसं झाडायचं ते दाखवायला.

अन् पुंजाजीनंच अंग झाडलं. टाचेपासून दातांपर्यंत.

देवला भगत खाली बघत म्हणाला, "देवानं निवड केली, पुंजाजी."

"मानूस कापतेत व्हय?" सिंधूबाईनं विचारलं.

"कापत न्हाईत, बाई. पर घरीबी नेत न्हाईत."

पुंजाजीनं पोरीकडं पाहिलं. बोकडाचं दावं सोडून आपल्या गळ्यात घातलं अन् टोक भगताच्या हातात दिलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "देवाचं ते वरीसभर मीच ठिवून घेतलं."

सिंधूबाई पोरीला घेऊन घरी गेली. बोकड मागोमाग चालता झाला, मालकाकडं वळून न बघता.

देवाला वाहिलेल्या जनावराशी घरचं कुणी बोलत नाही, अन् जनावर तर बोलतच नाही. सिंधूबाई रोज भाकर आणून म्हसोबाच्या दगडापुढं ठेवी, दगडालाच सांगे, पोरगी तशीच हाय. दुसऱ्या दिवशीही तेच. देवाजवळच्या बाभळीखाली, गळ्यात दावं घेऊन बसलेला पुंजाजी मान खाली घालून ऐके.

एके दिवशी ती म्हणाली, "देवा, पेमानं आज दूध मागितलं."

किती प्याली, पोटात राहिलं का, सगळं पुंजाजीच्या ओठाशी आलं. त्यानं दावं दातांत धरलं, अन् ती बांधापलीकडं दिसेनाशी होईतो चावत बसला.