दाराला नळ बसवलेला फ्रीज

शपथेवर सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मलकापुरात एका फ्रीजच्या दारातनं बिअर वाहिली होती. पेलाभर नव्हे. फेस उंबरा ओलांडून गटारात, गटारातनं ओढ्यात आणि ओढ्यातनं थेट कराडला, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. तिथं दोन म्हशी पाणी प्यायल्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मालकांना धार काढताना उलगडा झाला.

हे मी आक्काताईवहिनींच्या सोप्यात बसून सांगत होतो. वहिनी शेंगा फोडत होत्या आणि धम्मपाल त्यांच्या जुन्या फ्रीजमागं उकिडवा बसला होता. वीस वर्षं माझ्या हाताखाली फ्रीजदुरुस्तीचं काम केलेला माणूस, आता कराडात त्याचं स्वतःचं दुकान आहे. फ्रीज पुन्हा चालू होतो का बघायला वहिनींनी त्याला बोलावलं होतं. मला बोलावलं नव्हतं. मला कळलं तसा मीच पायात चप्पल अडकवून आलो.

"कवा झालं म्हणं हे?" वहिनींनी विचारलं.

"तुमी आष्ट्याला माहेरी गेला हुता, तवा."

"मग गल्लीत वास तरी ऱ्हायला असता."

"वास म्हशींनी नेला, वहिनी."

त्या हसल्या. त्यांचे मालक, कृष्णात, वारल्याला वर्ष होत आलं, तेव्हापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. पण मला हवं होतं ते वेगळंच. धम्मपालनं गोष्टीच्या नादात पाना खाली ठेवावा, एवढंच.

कृष्णात म्हणजे माझा जोडीदार. फौजेतनं सुभेदार होऊन आला. तिकडं कुठल्याशा मेसमध्ये त्यानं भिंतीतल्या नळानं बिअर येताना पाहिली होती, आणि ते खूळ डोक्यात घेऊनच तो गावी आला. "कोंड्या, बाटली कोनबी फोडतंय रं. मूठ वढायची, पेला तिरपा धरायचा, त्यात मजा हाय गड्या." पुतण्या पुण्याच्या हॉटेलातनं बिअरचं पोलादी पिंप आणून देणार होता. बिअर नळात चढवायला गॅसची टाकी सोडावाल्याकडं मिळणार होती. राहिला फ्रीज. तो घरात होता, पण वहिनींचा. लग्नात वडिलांनी दिलेला, गोल खांद्यांचा, दार लावलं की पेटीसारखा आवाज करणारा. गल्लीत पहिला बर्फ त्यातच झाला. कुणाच्या पोराला ताप चढला की वाटी घेऊन माणूस याच दारात यायचं.

वहिनी कशाबशा तयार झाल्या. अट एकच घातली. "दाराला भोक पाडा, न्हाई तर छप्पर काढा. माझ्या बर्फाच्या कप्प्याला हात लावायचा न्हाई. आन् फ्रीज जित्ता ऱ्हायला पायजे."

कृष्णातनं माझ्याकडं बोट केलं. "मिस्त्री घरचा हाय. कशाला जातोय फ्रीज?"

दाराला भोक मी सुरेख पाडलं. नळ बसवला. मग पिंप आत ठेवून बघितलं, तर ते चार बोटं उंच. वर बर्फाचा कप्पा आडवा येत होता. जुन्या फ्रीजमध्ये त्या कप्प्याच्या पत्र्यातच गारवा करणाऱ्या गॅसच्या वाटा असतात. तो हलवायचा तर आधी गॅस काढायचा, पत्रा गरम करायचा, मग तसूतसूनं वाकवायचा. त्याला दिवस जातो. हे मी धम्मपालला शिकवलं होतं, आणि घाई केली म्हणून एकदा त्याच्या पाठीत धपाटाही घातला होता.

वहिनी माहेरी. कृष्णात टाकी आणायला गेलेला. तो यायच्या आत झालं पाहिजे असं माझ्या मनानं घेतलं. चाळीस वर्षांचा हात आहे म्हणत मी पत्र्याला गुडघा लावला.

फुस्स झालं, गॅस गेला. तेवढंच.

मी पत्र्याच्या चिरेवर लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरली, कप्पा होता तसा वर केला. कृष्णात टाकी खांद्यावर घेऊन आला, त्यानं हौसेनं बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत काही गार होईना, तेव्हा मी मागं वाकलो, हळूच मोटारीची एक वायर सोडवून ती बंद पाडली आणि म्हणालो, "लाईट जास्त आली वाटतं. मोटार जळाली रं. स्टॅबिलायझर न लावताच चालू केलास."

पिंप परत पुण्याला गेलं. नळातनं एक थेंब आला नाही.

वहिनी आल्या तेव्हा मी तिथंच होतो. तेव्हा बोललो असतो तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण माझ्या आधी कृष्णातच बोलला. "कोंडीबानं बजावलं हुतं स्टॅबिलायझर लाव म्हणून. मीच ऐकलं न्हाई."

मी तसं काही बजावलं नव्हतं. त्यानं मला पाठीशी घातलं, आणि मी पाठीशी राहिलो. दोन वर्षं. घरी पाहुणा आला की वहिनी सांगायच्या, "फौजीनं माझ्या बापाचा फ्रीज जाळला." तो माठातलं पाणी प्यायचा आणि मान खाली घालायचा. जाता-येता कधी त्या नळाची मूठ ओढायचा. मी आलेला दिसलो की मूठ सोडून द्यायचा. रोज ठरवायचो, उद्या सांगू. मग एक दिवस त्याला दवाखान्यात नेला, आणि तिथं तर सगळी गल्ली उभी होती. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

धम्मपालनं फ्रीजचं दार उघडलं. कप्प्याखालून बोट फिरवलं. लांबी नखानं टोकरली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताचं काम तो अंधारातसुद्धा ओळखतो.

"वस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमीच सांगताय न्हवं?"

रस्ता त्यानं मोकळा करून दिला होता. वहिनींनी शेंगा फोडायच्या थांबवल्या होत्या.

"सांगतो की," मी म्हणालो. "तर फेस संगमावर पोचला. कृष्णात पेला घेऊन मागं पळतोय, म्हणतोय कोंड्या, एक घोट तरी! आन् तेवढ्यात लाईटनं असा झटका दिला म्हणता, मोटारीतनं ही एवढी ठिणगी! मोटार जागच्या जागी कोळसा! मी वरडतोय, कृष्णात, बटण बंद कर, पर त्यो…"

धम्मपालनं मान खाली घातली. सुटलेली वायर जागेवर बसवली आणि बटण दाबलं. फ्रीज एकदा हादरला आणि घुमायला लागला. संथ, एका लयीत. गॅस नसताना मोटार चालवू नये, म्हणून धम्मपालचा हात लगेच पुन्हा बटणाकडं गेला, बंद करायला. वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं."

त्यांनी फ्रीजच्या पाठीवर तळहात ठेवला. मग माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी, मोटार चालतीया. कोळसा झालेली मोटार अशी चालती व्हय? खोटं बोलताय तुमी. तवाबी खोटंच बोलला हुता, आन् मी त्या माणसाला मरंस्तवर बोलत ऱ्हायले."