उष्णवायुस्नानगृहातली गोष्ट

दीनानाथांनी वर्तमानपत्रातून खाली पडलेला चकचकीत कागद उचलला, चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा लावला आणि शेवटची ओळ परत वाचली. ‘आमच्या एक सभासद स्वतःहून जास्त वेळ बसतात, यातच सगळं आलं.’ त्या वाक्यानं त्यांना रमाबाईंचं पत्र आठवलं. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि उत्तर न देण्यालाही आता अर्धं शतक होत आलं होतं.

“आपल्या क्लब हाउसमध्ये सॉना सुरू झालाय, काका,” स्वयंपाकघरातून अनुया म्हणाली. अनुया त्यांच्या पुतण्याची बायको. सुकापूरच्या या फ्लॅटमध्ये ती त्यांचं सगळं मायेनं करी आणि हक्कानं दटावीही. “लाकडाची खोली, आत कोरडी गरम हवा. पहिला आठवडा फ्री आहे. गुडघे शेकून घ्या ना.”

“गरम हवेनं गुडघे बरे होत नाहीत.”

“तुम्ही कधी घेतलीय का?”

“घेतली नाही. जाहिरात लिहिलीय.”

अनुया लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. “तुम्ही? सॉनाची?”

“तेव्हा उष्णवायुस्नान म्हणायचे,” दीनानाथ म्हणाले. आपण फारच बोललो असं वाटून त्यांनी कागदाची घडी घातली.

पनवेलच्या तळ्याजवळ भगवानरावांनी ते स्नानगृह काढलं होतं. भगवानराव डॉक्टर नव्हते, पण कुठल्याशा निसर्गोपचार आश्रमात राहून आले होते आणि येताना एका पेटीचा नकाशा घेऊन आले होते. सागवानी पेटी. रोग्यानं आत स्टुलावर बसायचं, मान तेवढी वरच्या भोकातून बाहेर, आणि पेटीखाली कोळशाची शेगडी. संधिवात, दमा, मेद, मनाची मरगळ, सगळ्यांवर हा एकच उपाय. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेल्या दीनानाथची भाषा चांगली आहे, असं कुणीतरी भगवानरावांना सांगितलं, आणि पत्रकं लिहायचं काम त्याच्याकडे आलं.

दुसरं काम वाचनाचं. हात पेटीत अडकलेले, नाक खाजवायचीही सोय नाही, त्यामुळे माणूस घाबरा होई. म्हणून जवळ बसून कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, असा तिथला रिवाज होता. बायकांच्या दिवशी मध्ये पडदा लागे. पलीकडे कपाळाचा घाम टिपायला कामाला ठेवलेली हौसा, अलीकडे आरोग्यावरचं जाडजूड पुस्तक घेऊन दीनानाथ.

रमाबाई उरणच्या शाळेत शिकवायच्या. ऐन तरुणपणी गुडघे धरले म्हणून येऊ लागल्या होत्या. एके दिवशी मलावरोधाचं प्रकरण चालू असताना पडद्यापलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं. दीनानाथचे कान तापले. त्यानं पुस्तक मिटलं आणि स्वतःलाही कळायच्या आत सुरुवात केली, “खाडीकाठी एक मुलगी राहत होती...”

ती मुलगी रोज संध्याकाळी दारात दिवा लावी. समोरच्या काठावरून कुणीतरी दिवा हलवून तिला उत्तर देई. पुढच्या खेपेला काय होणार, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसे. “अजून थोडा वेळ बसते,” रमाबाई म्हणायच्या. भगवानरावांना तो उपचाराचा गुण वाटला. “लिही, लिही हे पत्रकात,” ते म्हणाले, आणि दीनानाथनं लिहिलं: ‘एक भगिनी आपणहून अधिक वेळ बसतात, यातच सर्व आले.’

गोष्टीतली मुलगी होडीत बसली त्या आठवड्यात पाऊस लागला. कोळसा सादळला, त्याबरोबर भगवानरावांचा उत्साहही. स्नानगृह बंद झालं.

पत्र आलं ते त्यानंतर. ‘गुडघे होते तसेच आहेत. तुमचं पत्रक वाचलं. मी हवेसाठी बसत नव्हते, गोष्टीसाठी बसत होते. ते पुस्तक इथल्या वाचनालयात मिळत नाही. नाव कळवाल का? निदान ती मुलगी पोहोचली का, एवढं तरी.’

पुस्तक नव्हतंच, हे कसं कळवायचं? आणि शेवट लिहायचा तर तो आपल्याला जमेल कशावरून? दीनानाथ पुढे छापखान्यात दुसऱ्यांची पुस्तकं तपासत राहिले. लग्नाचं राहून गेलं. स्वतःचं असं काही लिहायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून जुन्या पनवेलच्या बाजारात गेले. हौसा तिथे सुकी मासळी घेऊन बसते, हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ते पलीकडच्या गल्लीनं जात.

“काय भाऊ, बाटलात काय?” हौसानं लांबूनच ओळखलं. “सुकट देव का बांधून?”

“नको. हौसा, त्या उरणच्या रमाबाई... आहेत का?”

“हाय की. मना वाटलं, तुमी मेल्यावरच इचाराल.” हौसानं माश्या हाकलल्या. “माजी सून तिकडचीच हाय. बाय जुन्याच घरात ऱ्हाते, एकटी. गुडगं अजून तसंच. काठी लागते.”

“माझी कधी आठवण काढली?”

“तुमची कशी काडंल? तुमाला बघितलंय कुटं तिनं?” मग हौसा हसली. “आवाजाची काडली व्हती. मना इचारलं, तो वाचनारा दिसतो कसा. मी सांगितलं, बोलतो तवा बरा वाटतो.”

दीनानाथांनी खाण्यातलं नसतानाही सुकट घेतली आणि वाटेत रिक्षावाल्याला देऊन टाकली.

लिहायला बसल्यावर वाक्यं अवघडून उभी राहिली. पुस्तक नव्हतं, एवढंच लिहून होईपर्यंत बरेच कागद चुरगळून झाले. शेवटी त्यांनी दार लोटलं, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि मोठ्यानं बोलायला लागले. तेव्हा जमलं. बोलायचं, थांबायचं, लिहून घ्यायचं. होडी निघाली, मध्येच ओहोटी लागली, चिखलात रुतली. मुलगी भरतीची वाट बघत बसली. अंधारात समोरचा दिवा हलत होता, आणि मग तो हलायचा थांबला.

दीनानाथ लिहिण्यासाठी थांबले.

“मग?” दारापाशी अनुया चहाचा कप घेऊन उभी होती. चहावर साय धरली होती. “काका, मग काय झालं?”

असं कुणी विचारलेलं दीनानाथांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी शेवटचा कागदही लिहून झाला. त्यात भरती येत होती, होडी काठाला लागत होती, आणि दिवा कुणाचा तेही होतं.

पोस्टात खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, “साधं की स्पीड पोस्ट, आजोबा? घाईचं आहे?”

“हो. थोडा उशीरच झालाय.”

तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.

“एक मिनिट,” दीनानाथ म्हणाले. त्यांनी पाकीट परत घेतलं, आतला शेवटचा कागद काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि डिंकानं पाकीट नीट चिकटवलं.

“ते पाठवायचं नाही?”

“आत्ता नाही. ‘मग?’ म्हणून विचारलं की.”

मुलीनं पाकीट उलटसुलट पाहिलं. “पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय बघा. उत्तर यायचं असेल तर कुठे येणार?”

दीनानाथांनी खिडकीला दोरीनं बांधलेलं पेन घेतलं. सुकापूरचा पत्ता त्यांनी सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिला, पिनकोडसकट. मुलीनं पावती फाडून त्यांच्या हातात दिली आणि पाकीट उरणच्या थैलीत टाकलं.