उजवं चाक

मामाने उजवं चाक तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते छापण्यासारखे नाहीत. भाचीच्या जोडीने स्वतःच्या हातांनी बांधलेलं दोन माणसांचं विमान. पंख झाले, इंजिन झालं, आणि घोडं अडलं ते ब्रेकवर! धावपट्टीवर नेलं की उजवं चाक धरायचं, विमान उजवीकडे ओढायचं आणि ब्रेकची तबकडी अशी तापायची की हात लावायची सोय नाही. शेडमध्ये आणून जॅकवर चढवलं, की तेच चाक एका बोटाने गरगर फिरायचं.

"माझ्याशी दावा मांडलाय त्याने," मामा म्हणाला.

करायचं काय बाकी ठेवलं होतं त्याने? ब्रेकचं तेल बदललं, नळीतली हवा काढली, पॅड सरकतात त्या पिना घासून लख्ख केल्या, पेडल मागे आणणारी स्प्रिंगही नवी घातली. उद्या भाची एकटी पहिलं उड्डाण करणार होती. परवापासून धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद, ती किती महिने ते कोणी सांगेना. त्यात भाचीची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, सकाळीच म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर सोडतेय रे तिला." ते वाक्य काही केल्या त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"चल, अजून एकदा चालवून बघू," भाची म्हणाली.

नेहमीसारखी ती डावीकडे बसली, मामा शेजारी. विमान जरा पुढे गेलं आणि उजवीकडे ओढायला लागलं.

"बघ, बघ! धरलं मेल्याने!"

भाची चाकाकडे न बघता मामाच्या पायांकडे बघत होती. त्या बाजूलाही ब्रेकची दोन पेडलं होती, उजवं उजव्या चाकाचं.

"मामा, मी गाडी चालवते तेव्हा शेजारी बसून तू काय करतोस?"

"काय करणार? जीव मुठीत धरून बसतो."

"गाडी मी चालवते आणि ब्रेक तू दाबतोस. उजव्या पायाने. तिथली मॅट झिजलीय तुझ्यापायी."

मामाने खाली पाहिलं. उजवा बूट पेडलवर घट्ट बसला होता. त्याने तो उचलला, तसं विमान मुकाट्याने सरळ झालं. मामाचा संताप संताप झाला. तीनदा खोललेला ब्रेक ठणठणीत होता, आणि आता शिव्या घालायला समोर कोणी उरलं नव्हतं.

"उतर तू," भाचीने विमान थांबवून सांगितलं.

"अगं, पण..."

"उद्या तू असणारेस का शेजारी?"

तो उतरला. ती टोकापर्यंत जाऊन सरळ रेषेत परत आली. मामाने तबकडीला हात लावला. जेमतेम कोमट. ब्रेक खरंच बिघडलेला निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याची लाजही वाटली.

"जाऊ ना उद्या?"

"जा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीसोबत कुंपणाशी उभा राहिला. विमान समोरून सुसाट गेलं आणि जमिनीवरून सुटलं. बहिणीने त्याचा दंड धरून खाली बोट दाखवलं. त्याचा उजवा बूट मातीत रुतला होता.