दर्शनाची गाडी

मल्लव्वानं त्या चष्मेवाल्या बाईचा दंड धरला आणि अख्ख्या रंकाळा स्टँडला ऐकू जाईल असा आवाज दिला, "धरा रं हिला! पोटात पोरगा हाय का पोरगी, बघाय न्ह्यायला लागलीया हिला!"

बाईच्या हातात ओटीचं ताट होतं. खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. शेजारी हिरवा चुडा भरलेली, पाचेक महिन्यांची गरोदर पोरगी उभी होती आणि समोर पांढरी गाडी, दार उघडं. बघणाऱ्याला वाटावं, सासू सुनेला घेऊन देवदर्शनाला निघालीय. तसं वाटावं म्हणूनच तर ताट होतं. पण मल्लव्वा कशी फसेल? तीन वर्षांपूर्वी असलंच ताट याच बाईनं तिच्या हातात दिलं होतं, असल्याच गाडीत बसताना. आणि सून दानेश्वरी शेजारी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

एवढा वेळ मल्लव्वा स्टँडच्या भिंतीला टेकून कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकत होती. गगनबावड्याच्या एसटीला गिऱ्हाईक बरं असतं. एका मास्तरांना चटणी बांधून देता देता तिची नजर वर गेली आणि हातातला कागद तसाच खाली पडला. त्या वेळी आपण गप्प बसलो, आता नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं. भाकरीची बुट्टी ओलांडून ती धावली.

कोल्हापुरात मदतीला हाक मारायची खोटी. पानटपरीवाला आकाराम चुन्याच्या हातानंच आला. रिक्षावाले आले, एसटीतनं उतरलेले आले, कॉलेजची पोरं मोबाइल वर धरून आली. ड्रायव्हरला दोघांनी बाहेर ओढलं. तेवढ्यात रसाच्या गाड्यावरनं चौकड्याच्या शर्टातला एक गडी गर्दीत घुसला.

"बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!"

आकारामनं त्याची गचांडी धरली.

"काय पावणं, लई घाई? साथीदार व्हय तुमी?"

गड्यानं खिशात हात घातला. हत्यार काढतोय असं वाटून कुणीतरी त्याच्या मुस्काटात दिली, मग दुसऱ्यानं दिली. तो काहीतरी ओरडून सांगत होता, पण ऐकून घ्यायला कुणाला सवड होती? त्या धांदलीत चष्मेवालीनं दंडाला हिसडा दिला, गाडीच्या पलीकडच्या दारानं आत शिरली, ड्रायव्हरही निसटला आणि गाडी सुसाट निघून गेली. मागे एक जीप नुसती हॉर्न वाजवत गर्दीत अडकून राहिली.

पोरगी मात्र रेटारेटीत खाली बसली होती, दोन्ही हात पोटावर. मल्लव्वा तिच्याजवळ वाकली.

"ऊठ बाळ. सुटलीस बघ."

पोरीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत सुटल्याचं काहीच नव्हतं.

"मावशी, काय केलंत हो हे! मी पोलीस हाय."

चौकीत मल्लव्वाला बाकड्यावर बसवलं. समोर चौकड्याच्या शर्टातला तो गडी, हवालदार राजवीर, फुटलेल्या ओठावर बर्फ धरून बसला होता. पोरीचं नाव वर्षाराणी, तीही शिपाई. तिला दवाखान्यात नेलं होतं. जाताना ती पोटात कळ येतेय म्हणाली, हे मल्लव्वानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. माझ्या हातनं आणखी एक जायचं नको रे देवा, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली आणि गळ्यातली लिंगाची डबी मुठीत आवळत राहिली.

मोबाइल वाजला. मुलगा शशिधर होता.

"अव्वा, तुझा व्हिडिओ बघितला! गावभर फिरतोय. वाघीण म्हनत्यात तुला."

"चौकीत हाय मी."

पलीकडचा आवाज खाली आला.

"चौकीत? काय विचारलं त्यांनी? हे बघ, दिसलं म्हणून वराडलो, एवढंच सांग. जुनं काय काढू नगंस. माझा शिवांश दीड वर्साचा हाय. दानेश्वरीची नोकरी हाय. घरादाराचं वाटुळं हुईल."

"बरं," म्हणाली मल्लव्वा आणि फोन ठेवला.

फौजदार प्रियदर्शनी चौगुले आल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. मल्लव्वा उभी राहिली.

"पोरीचं कसं हाय?"

"बाळाचे ठोके नीट आहेत. रात्रभर ठेवून घेणार आहेत."

मल्लव्वाला रडू फुटलं. बाईंनी ते आवरेपर्यंत वाट बघितली. रागवायचं ठरवूनच त्या आल्या असाव्यात, पण त्यांच्या आवाजात नुसता थकवा होता.

"चार महिने आम्ही तिच्या मागावर आहोत, मावशी. दर वेळी नाव वेगळं, सिमकार्ड वेगळं, गाडीचा नंबर खोटा. सोनोग्राफीच्या मशीनची जागाही बदलतात. आज ती गाडी आम्हाला मशीनपर्यंत नेणार होती. गिऱ्हाईक म्हणून जायला खरीच गरोदर बाई लागते. उगीच पोटाला उशी बांधून भागत नाही. वर्षाराणी आपणहून पुढं आली. सासरचे नको म्हणत होते तरी आली. आता ती बाई सावध झाली. पुन्हा कधी सापडेल, कुणास ठाऊक. तोवर किती जणींना घेऊन जाईल, त्याचाही हिशोब नाही."

"चुकलो मी."

"तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही. पण शंका आली तर आम्हाला फोन करायचा असतो. गर्दी गोळा झाली की ती कुणाचंच ऐकत नाही." त्यांनी राजवीरच्या ओठाकडे बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली. "एक विचारू? देवाला निघालेली बाई, हातात ओटी. स्टँडवर शे-दीडशे माणसं होती, कुणालाच काही खटकलं नाही. तुम्हीच कसं ओळखलंत?"

पंखा फिरत होता. मल्लव्वानं पदर सारखा केला.

"असंच. वाटलं."

बाईंनी खुर्ची मागं सारली. मग त्यांनी मान हलवली.

"बरं. या मग तुम्ही. रिक्षा बघून देऊ का?"

"नगं."

मल्लव्वा दारापर्यंत गेली. घरी गेलं की शेजारणी ओवाळायलाही येतील, वाघीण म्हणतील, आणि दानेश्वरी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसेल. तीन वर्षांत सुनेनं एकदाही आवाज चढवला नव्हता, उलटून एक शब्द बोलली नव्हती. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. मल्लव्वा उंबऱ्यातच थांबली. मग मागं वळली.

"त्या बाईचं घर ठावं हाय मला."

राजवीरनं ओठावरचा बर्फ खाली घेतला.

"कसं काय?" बाईंनी विचारलं.

"सुनंला घेऊन गेलतो मी. पयली नात हुती, शांभवी. दुसरंबी तसलंच निघालं, मग त्याच दिवशी मोकळी केली. परत येताना पोर गळाटली, डोळं पांढरं केलं तिनं. तसं स्टँडवर कुटं सोडणार? म्हणून त्या बाईनं आपल्या घरी न्हेऊन निजवलं. दोन तास हुतो तिथं. दारात बोअर हाय, भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटू. दाखवतो चला."

बाईंनी कागद पुढं ओढला, पण लगेच लिहायला घेतलं नाही.

"मावशी, नीट ऐका. हे लिहून घेतलं की तुम्ही नुसत्या साक्षीदार राहणार नाही. बाईला घेऊन जाणाऱ्यालाही कायदा धरतो. तुमच्यावरही गुन्हा लागेल. घरी विचारून उद्या आलात तरी चालेल."

"उद्या नाय यायची मी. माझं मलाच ठावं हाय." ती पुन्हा बाकड्यावर बसली. "फकस्त एक करा. सुनंवर काय घालू नगा. ती न्हाय म्हनत हुती, गाडीत बसंपत्तर न्हाय म्हनत हुती. मीच न्हेलो तिला."

बाईंनी राजवीरला खूण केली. त्यानं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि पेन काढलं.

"पूर्ण नाव?"

तिनं सांगितलं.

"वय?"

"साठ असंल. बासष्टबी असंल. आमच्यात कोण लिवून ठेवतंय?"

"ही गोष्ट कधीची? अंदाजे सांगा, मावशी. साल-महिना चालेल."

"अकरा डिसेंबर," मल्लव्वा म्हणाली. "दोन हजार बावीस. रविवार. दुपारचं अडीच वाजलं हुतं."

राजवीरनं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"लिवा की," मल्लव्वा म्हणाली.