झाकणातलं पान

मित्रांनो, जरा टेकू द्या मला. माझ्या बुडाला पोचा आहे, त्यामुळे सपाट जमिनीवर ठेवलं तरी मी एका अंगाला कलतो. मी स्वयंपाकाचा एक मोठा, जुना टोप आहे. किलीमांजारोवर हमालांच्या डोक्यावर बसून मी वर्षानुवर्षं चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. आणि आधीच सांगून ठेवतो, शिखर मी कधी पाहिलं नाही. टोपाला शिखरावर कोण नेणार? पाहुणे वर जायचे, फोटो काढून यायचे, आणि आल्या आल्या विचारायचे, सूप झालं का?

माझा जन्म मोशी गावातला. तिथे बाजारामागे भंगार वितळवून भांडी ओतणारे बसतात, त्यातल्या एकाने मला ओतलं. कुठल्याशा जुन्या ट्रकच्या इंजिनाचे तुकडे माझ्यात आहेत म्हणे. चढ लागला की मला नकोसं होतं, ते कदाचित त्यामुळेच. नवा होतो तेव्हा मात्र मी चकचकीत होतो. फिलेमोनीने मला बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून निवडलं होतं.

फिलेमोनी आमच्या टोळीचा स्वयंपाकी. त्याच्या हाताला चव होती. वाऱ्याने तंबू फडफडत असायचा, बाहेर पाण्याचे डबे गोठलेले असायचे, आणि हा पठ्ठ्या माझ्यात केळ्यांचं नि मटणाचं दाट सूप असं शिजवायचा, की खाणारा बोटं चाटत बसे. संध्याकाळी हमालांसाठी मक्याच्या पिठाचा उगाली व्हायचा. तो घोटताना माझी हाडं खिळखिळी होत. मोहीम संपली की पाहुणे फिलेमोनीसाठी टाळ्या वाजवायचे. माझ्यासाठी कुणी कधी वाजवल्या नाहीत, पण मी त्या माझ्याच धरून चालायचो.

मग एकदा कडा चढताना मी एका हमालाच्या हातून निसटलो आणि दगडावर आपटलो. पोचा आला तो तेव्हा. काठही वाकला, आणि झाकण नीट बसेना. चालताना ते सारखं खडखडायचं. हमाल म्हणायचे, "हा टोप आहे की थंडीने दात वाजणारा म्हातारा?" कौतुकाचे दिवस संपले ते असे.

पण माझ्या थकव्याचं खरं कारण पोचा नव्हता, दोन भाऊ होते.

टोळीचा मुख्य वाटाड्या एलियामानी, फिलेमोनीचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या केळीच्या बागा शेजारी शेजारी. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं पाणी गावात पाळीपाळीने मिळतं. एका कोरड्या हंगामात फिलेमोनीच्या पाळीचं पाणी एलियामानीच्या बागेत गेलं, आणि फिलेमोनीची कॉफीची रोपं करपली. त्याने भर पंगतीत, केळ्यांच्या दारूचा भोपळा हातात असताना, भावाला पाणीचोर म्हटलं. एलियामानी म्हणाला, "पाटाचा दगड मी हलवला नाही." कुणी हलवला, देव जाणे. मी तेव्हा खुंटीवर होतो.

त्या दिवसापासून बोलणं बंद. पण टोळी एक, तंबू एक. मग काम चालायचं कसं? चालायचं माझ्यामार्फत.

"टोपराव," एलियामानी तंबूच्या दाराशी येऊन मला म्हणायचा, "तुमच्या मालकांना सांगा, काल चहात आलं जास्त झालं होतं."

"टोप्या," फिलेमोनी कांद्यावरची मान वर न करता म्हणायचा, "त्या साहेबांना सांग, ज्याला दुसऱ्याच्या वाटणीचं पाणी गोड लागतं, त्याला आलं झोंबणारच."

हमाल तोंड फिरवून हसायचे. मला हसू येत नसे. ओझ्याने माणूस थकतो, पण निरोपाने जास्त थकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटच्या फेरीत मला वाहून नेणारा हमाल होता मासिमा. तो दूर दोदोमाकडचा, आम्हा डोंगरपायथ्याच्या चागा लोकांच्या चालीरीती त्याला ठाऊक नव्हत्या. माझं झाकण त्याच्या कानाशी खडखड करायला लागलं तसा तो वैतागला. वाटेत एका बागेच्या कुंपणाला लांब, जाड, हिरवी पानं होती. त्यातलं एक त्याने ओरबाडलं, घडी घातली आणि माझ्या झाकणात कोंबलं. खडखड थांबली. मुक्कामाला झाकण काढताना तो पान खिशात घालायचा आणि निघताना पुन्हा कोंबायचा.

ते पान इसालेचं होतं. आमच्याकडे इसाले असं उगीच कुणी तोडत नाही. ज्याच्या हातून अपराध झाला तो हे पान घेऊन समोर येतो, आणि पान समोर आलं की माफी नाकारता येत नाही. रक्ताची वैरं असलेली घरंही या पानाने बोलती झाली आहेत, असं म्हातारे सांगतात. बिचाऱ्या मासिमाला एवढंच कळलं होतं, की पान जाड आहे, चांगलं बसेल.

त्या फेरीत फिलेमोनी खोकत होता. आधी वाटलं, धुरामुळे असेल. पण चढ वाढला तसा खोकला ओला झाला. बराफूच्या मुक्कामाला आम्ही पोचलो, तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. शिखराआधीचा हा शेवटचा तळ. बराफू म्हणजे बर्फ. नावात बर्फ, आणि प्यायला थेंब नाही. पाणीसुद्धा खालच्या ओढ्यावरून वाहून आणायचं.

एलियामानी दाराशी आला. त्याने भावाच्या छातीतली घरघर ऐकली.

"टोपराव," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "त्यांना सांगा, आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं. इथे थांबलं तर फुप्फुसात पाणी भरतं."

"टोप्या, त्याला सांग, पाणीचोराला पाण्याची काळजी शोभत नाही." एवढं बोलून फिलेमोनीला खोकल्याची उबळ आली.

"सांगा त्यांना, मागे दुसऱ्या टोळीचा स्वयंपाकी असाच हट्टाने थांबला होता. त्याची भांडी खाली आली, तो आला नाही."

"सांग, माझी भांडी मी आणीन."

एलियामानी बाहेर जाऊन एका दगडावर बसला. हात धरून ओढून नेता येईल, पण असा माणूस वाटेत बसकण मारतो, हे त्याला माहीत होतं. आणि मी काय करणार? मला ना हात ना तोंड. फिलेमोनीने टिचकी मारून मला निवडलं होतं, आणि मी नुसता कलंडून बसलो होतो. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

मासिमा त्या दिवशी फार दमला होता. मला टेकवून तो तसाच पाण्याचे डबे आणायला गेला, पान काढायचं राहूनच गेलं. शेवटी फिलेमोनीनेच माझी दोरी सोडली, झाकण उचललं, आणि इसालेचं पान त्याच्या मांडीवर पडलं.

त्याने पान उचलून त्याची घडी उलगडली. मग तंबूच्या खांबाला धरून उठला आणि दारात गेला.

"एली," तो म्हणाला.

मित्रांनो, किती काळाने तो शब्द त्याच्या तोंडून आला होता. दगडावरचा एलियामानी दचकून उभा राहिला.

"पान मिळालं," फिलेमोनी म्हणाला. "मी घेतलं."

एलियामानीला काही कळेना. त्याने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पान माझं नाही, असं म्हणायला त्याचे ओठ हललेसुद्धा. कारण ते पान कबूल करणं म्हणजे पाणी चोरल्याचं कबूल करणं, आणि तेही सगळ्या हमालांसमोर. मग त्याची नजर भावाच्या काळ्यानिळ्या ओठांवर गेली.

"हो दादा," तो म्हणाला. "माझं चुकलं. आता चल."

तेवढ्यात डबे घेऊन मासिमा आला. "अरे, ते पान तर मी झाकणात—"

"मासिमा," एलियामानी म्हणाला, "आजचा स्वयंपाक तुझ्याकडे. तोंड मिट आणि कांदे सोल."

पाहुण्यांना शिखरावर न्यायचं काम त्याने आपल्या जोडीदारावर सोपवलं आणि भावाचा हात खांद्यावर घेतला. दिवसभर पाहुण्यांना "सावकाश, सावकाश" म्हणणारा हा माणूस उतरताना म्हणत होता, "भरभर चल दादा, भरभर." ते शब्द वाऱ्यात विरेपर्यंत मी ऐकत होतो. मागे मासिमाने माझ्यात उगाली करपवला. खरवडताना त्याने मला घातलेल्या शिव्याही मी मुकाट्याने ऐकल्या, कारण माझं मन तिथे नव्हतं.

आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या फाटकाशी उतरलो, तेव्हा झाडाखालून आवाज आला, "आला का माझा टोप? बघू, कुणी जाळलाय त्याला?" तो आवाज ऐकला, आणि माझी सगळी हाडं एकदम सैल झाली.

फिलेमोनी त्यानंतर डोंगरावर गेला नाही, आणि मीही नाही. आता मी त्याच्या अंगणात चुलीवर असतो. अंगाला काजळी, झाकण वाकडंच. एलियामानी फेरीवरून आला की इथेच जेवतो. मध्ये एकदा केळी सोलता सोलता तो म्हणाला, "दादा, एक सांगू का? ते पान..."

"तुझं नव्हतं," फिलेमोनी म्हणाला. "माहीत आहे मला. चुरगळलेलं, काजळी लागलेलं. आपल्या आईच्या पोटचा कुणी इसाले असं देतो होय?"

"मग घेतलंस कशाला?"

"तुला देता येईना, मला मागता येईना. म्हटलं, टोपालाच कीव आली असेल." तो माझ्याकडे बघून हसला. "पण तू तरी हो का म्हणालास?"

"तू एली म्हणालास ना," एलियामानी म्हणाला, आणि पुन्हा केळी सोलायला लागला.

मित्रांनो, आता मी थकलोय. आता माझ्याशी कुणी बोलत नाही. ते दोघं एकमेकांशीच बोलतात. थोडं एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण हा एकटेपणा मला त्या सगळ्या निरोपांपेक्षा हलका आहे. तुमच्या घरात वाकडं, पोचा आलेलं एखादं भांडं असेल, तर ते भंगारात टाकू नका. घासून पुसून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी दुसऱ्याला सांगायचं ते भांड्याला सांगत असेल, तर पान तुम्हीच घेऊन जा, आणि वेळेवर जा. प्रत्येक झाकणात मासिमा पान कोंबून ठेवत नाही.