दारावर जळणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे, दवाखान्यातला. तीन पानांची लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेले हिरवे कापड आणि खाली चार चाके. तीन फिरतात, चौथे नुसते ओरडते. मित्रांनो, माझ्यासमोर दाराचे नाव काढू नका. का, ते सांगतो.

तरुणपणी मी खिडकीतून घुसलेले वादळ एकट्याने अडवले होते. बिचारे माफी मागून आल्या वाटेने परत गेले. खोटे वाटत असेल तर वादळालाच विचारा. परिचारिका माझे फार कौतुक करत.

पुढे दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येऊ लागल्या, आठवड्यातून एकदाच. दातांना खोली होती, डोळ्यांना होती, झाडूंनासुद्धा होती. मनाला मात्र इंजेक्शनच्या रांगेशेजारचा व्हरांड्याचा कोपरा मिळाला, आणि आडोशाला मी. केवढा मान!

तिथे एक गवंडी येई. त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत परांचीवरून पडून मेला होता. तेव्हापासून गवंड्याची झोप उडाली, जेवण सुटले, काम सुटले. त्याला घेऊन येई थोरली बहीण, बसमधली कंडक्टर. डॉक्टरीणबाई विचारत, "झोप लागते का?" की लगेच बाहेरची रांग चिडीचूप होई. त्या रांगेत त्याच्याच गल्लीतली माणसे असत. तो म्हणे, "बरं आहे," आणि उठे. दर आठवड्याला हेच. आलेला माणूस मनातले ओझे तसेच घेऊन परत जाई.

एकदा बहीण वैतागून म्हणाली, "हा बरा असता तर मी रजा टाकून कशाला आले असते? याला दार पाहिजे. लावलं की बंद होतं, तसलं."

बाकावरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "आमच्या हिचंही तेच. घरी रडते, इथे आली की हवापाण्यावर बोलते."

झाले! दोघांचे चौघे झाले, चौघांची मंडळी झाली. मागणी एकच: मनासाठी दाराची खोली द्या, आणि बाईंना आठवड्यातून दोनदा बोलवा. माझ्या पोटात दुखू लागले. पोट नाही, तरी दुखू लागले. इतकी वर्षे उन्हातान्हात मी उभा, आणि यांना दार हवे! दाराला येते काय? बिजागरीला लटकायचे. मी निदान चालतो-फिरतो.

मोठे साहेब पाहणीला आले. "पडदा आहे की! आणखी काय पाहिजे?"

मी छाती फुगवली.

बहीण म्हणाली, "मग साहेब, तुम्हीच बसा की जरा आत. बाई विचारतील तेवढं सांगा."

साहेब हसत बसले. बाईंनी विचारले, "झोप लागते का?" बाहेर रांग चिडीचूप. साहेबांनी घसा खाकरला, कॉलर सैल केली. "तशी... लागते."

बाहेरून त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "गाडीत लागते हो बाई, घरी नाही."

रांग खदखदून हसली. साहेब लाल कानांनी बाहेर आले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू चुगली मीच केली. म्हणाले, "झाडूंची खोली रिकामी करा. आठवड्यातल्या दुसऱ्या दिवसाचं मग बघू."

झाडूंच्या खोलीला नवे दार लागले. गवंडी आत गेला. मी चाकांवर सरकत जाऊन कापड दाराला चिकटवले. काही ऐकू येईना. रांगेनेही कान टवकारले, मग कंटाळून ती आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. डोळे सुजलेले.

"काय रे?" बहिणीने विचारले.

"उद्या ये म्हणाल्या असत्या, तर आलो असतो ताई."

दुसरा दिवस अजून मिळालेला नाही. मंडळी परवा पुन्हा साहेबांकडे गेली, तेव्हा सर्वांत पुढे गवंडी होता आणि बोलतही तोच होता. मी इंजेक्शनच्या खोलीत उभा आहे आणि दारावर अजून जळतो. वर्षानुवर्षे मी ज्याला झाकले तो माझ्यामागे एक शब्द बोलला नाही, आणि त्या कालच्या फळकुटाला सगळे सांगून बसला!

तरीही मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी मनातले सांगायला निघाले, तर त्याच्यासाठी दारच मागा. एकट्याने मागू नका, दहा जणांना घेऊन मागा. आणि ते मिळाले की बाहेर शांत बसा. कान लावू नका. मी लावून पाहिला आहे.